बीटचा रस की आर्जिनिनच्या गोळ्या?

मामाचा फोन आला. "रक्तदाब जरा वर असतो. जिममधला पोरगा आर्जिनिन घ्या म्हणतो, तुझी मामी बीट किसत बसते. कोणाचं ऐकू?"

बीट आणि आर्जिनिन (प्रथिनांमधला एक घटक), दोन्हींचा हेतू एकच: रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड वाढवून वाहिन्या सैल करणं. (या रेणूच्या कामाला १९९८चं नोबेल मिळालं.)

फरक वाटेत आहे. अस्तरातलं एन्झाइम आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं. पण तंबाखू, मधुमेह, जुना रक्तदाब यांनी ते एन्झाइमच ढेपाळतं. गिरणी बिघडल्यावर धान्य ओतून काय होणार? शिवाय गिळलेलं बरंचसं आर्जिनिन आतडं आणि यकृतच संपवतात. बीटमधलं नायट्रेट ही गिरणीच टाळतं. जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतो. जंतुनाशक माउथवॉश वापरलात तर बीट वाया!

लंडनमधल्या २०१५च्या चाचणीत रोज २५० मिली रसाने चार आठवड्यांत रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी ८ने उतरला. रस थांबताच पुन्हा चढला.

धोका? हृदयविकाराच्या झटक्यानंतर आर्जिनिन देणारी अमेरिकेतली चाचणी मध्येच थांबवावी लागली. आर्जिनिनच्या गटात ६ मृत्यू, दुसऱ्यात एकही नाही. बीटचं दुखणं किरकोळ, लघवी लाल होते. मात्र मुतखडेवाल्यांनी जपून.

खर्चात बीटच स्वस्त, कष्ट मामीचे.

तेव्हा मामा, चालू औषधांच्या जोडीला, डॉक्टरांना सांगून, बीट. झटका येऊन गेलेल्याने आर्जिनिनच्या वाटेला जाऊ नये. मुतखडा असेल तर दोन्ही सोडून रोज भरभर चालावं.