टब काढून शॉवर: आठ महिन्यांनंतर

आमचा पुण्यातला फ्लॅट नव्वदच्या दशकातला, सर्वांत वरच्या मजल्यावरचा. बाथरूम पाच बाय सात फूट आणि त्यात बिल्डरने हौसेने बसवलेला पाच फुटी टब. दीडशे लिटरचा टब आणि पंधरा लिटरचा गीझर! गरम पाण्याने तो कधी भरणार? आयुष्यभर त्याने गुरुवारच्या पाणी बंदीसाठी साठवणीचं काम केलं. आईला कड ओलांडणं जड जाऊ लागलं तेव्हा तो काढला.

शॉवर कुठला घ्यावा यावर घरात महिनाभर खल झाला. आज विचाराल तर सगळं महत्त्व जमिनीला. टबाखालचं विटांचं बांधकाम फोडल्यावर जुना कोबा उघडा पडला. वॉटरप्रूफिंग पुन्हा करून, पाणी भरून दोन दिवस ठेवलं आणि खालच्यांचं छत कोरडं आहे हे बघूनच टाइल्स लावायला परवानगी दिली. मिस्त्री कुरकुरला, पण या दोन दिवसांवर तडजोड करू नका. उतार मीटरला सव्वा सेंटिमीटर, नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या जाळीकडे. उंबरठा ठेवलाच नाही. टाइल्स लहान आणि खरखरीत घेतल्या, त्यामुळे घासायला वेळ लागतो; पण दिवाळीत तेल-उटण्यानंतरही कुणी घसरलं नाही. उटण्याचा चोथा मात्र जाळीत अडकतो, आंघोळ झाली की तो काढावा लागतो.

छताचा रुंद रेन शॉवर आमच्याकडे शोभेपुरताच. टाकी शॉवरपासून जेमतेम तीन मीटर वर, म्हणजे दाब ०.३ बारच्या आसपास. पाणी टिपटिप पडतं. वरच्या मजल्यावर राहत असाल तर आधी दाब बघा, नाहीतर पंपाचा खर्च धरा. आम्ही पंप टाळला, कारण हँड शॉवर त्याच दाबावर नीट चालतो. आई स्टुलावर बसून, भिंतीतल्या दांडीला धरून त्यानेच आंघोळ करते. बाबांना मात्र बादली आणि तांब्याच हवा, म्हणून खालचा नळ ठेवला ते बरं झालं. थंडीत शॉवर सोडून उभं राहिलं की चार-पाच मिनिटांत गीझर संपतो. मुलाला हे अजून पटलेलं नाही.

काच आठ मिलिमीटरची, टफन्ड, अडीच फुटांची एकच स्थिर पट्टी. दार नको म्हटलं, कारण इतक्या जागेत ते उघडणार कुठे? थोडे शिंतोडे कमोडपर्यंत जातात, ते चालतं. टँकरचं पाणी आलं की काचेवर पांढरे डाग धरतात. रोज वायपर फिरवला तर ठीक, दोन दिवस विसरलं की व्हिनेगर.

टबाची उणीव फक्त गुरुवारी जाणवते. आता गॅलरीत शंभर लिटरचा पिंप ठेवलाय, आणि कपडे वाळवायच्या दोरीखाली तो नेमका आडवा येतो.