'हेवन शॅल नॉट वेट': लोकधुनींवरची नवी स्तोत्रे

जॉन बेल आणि ग्रॅहॅम मॉल यांचा 'हेवन शॅल नॉट वेट' हा १९८७ सालचा गीतसंग्रह स्कॉटलंडमधील आयोना कम्युनिटी या ख्रिस्ती समुदायाच्या परंपरेतून आला आहे, आणि लोकधुनीवर नवे ख्रिस्ती स्तोत्र रचू पाहणाऱ्याने तो हाताशी ठेवावा अशा योग्यतेचा आहे. जॉर्ज मॅक्लाउड या पाळकांनी १९३८ मध्ये या समुदायाची स्थापना केली आणि आयोना बेटावरील मठाच्या पडक्या इमारती उभारण्याच्या कामी बेकार कारागीर व तरुण पाळक यांना एकत्र जुंपले. श्रम आणि उपासना यांची फारकत होऊ द्यायची नाही, हा त्यांचा आग्रह या गीतांतही उतरला आहे.

स्तोत्रासाठी लोकधून घेणे हे काही नवे नव्हे. इंग्रज संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्स यांनी १९०६ च्या 'इंग्लिश हिम्नल' या स्तोत्रसंग्रहात खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या चाली वापरल्याच होत्या. तेथे मात्र बहुधा आधीच्या शब्दांना चाल शोधली गेली; येथे शब्दच चालीच्या अंगाने लिहिलेले जाणवतात.

याचा उत्तम नमुना म्हणजे 'द समन्स' (बोलावणे) हे गीत. त्याची 'केल्विनग्रोव्ह' ही चाल प्रेयसीला झाडीत फिरायला बोलावणाऱ्या गाण्याची आहे. बेल आणि मॉल यांनी ते बोलावणे ख्रिस्ताच्या तोंडी दिले: पहिल्या चार कडव्यांत तो विचारत राहतो आणि पाचव्यात गाणारा उत्तर देतो. मूळ गाण्यातले आर्जव पुसून न टाकता त्यांनी ते कामाला लावले, म्हणून शिष्यत्वाची कठीण मागणीही हुकमासारखी वाटत नाही. रचनाही पाहण्याजोगी आहे. सात-सहा, सात-सहा अक्षरांच्या ओळींनंतर सलग तीन ओळी सात-सात अक्षरांच्या आणि एकाच यमकाच्या येतात, त्यामुळे उत्तराला उसंत न देता प्रश्नांचा नेट वाढतो, आणि शेवटची सहा अक्षरांची ओळ त्याला थारा देते. (ना. वा. टिळकांचे अभंग गाणाऱ्यास ही काटेकोरी जाचक वाटेल, कारण आपला गाणारा एखादे जादा अक्षर सहज सामावून घेतो. इंग्रजीत मात्र आघात चुकला की चाल अडखळते.)

'इन्स्पायर्ड बाय लव्ह अँड अँगर' हे 'सॅली गार्डन्स' या आयरिश चालीवरचे गीत अधिक धाडसी, पण तितके एकजीव नाही. हातची गेलेली प्रीत आठवणाऱ्या चालीवर अन्यायाविषयीचा संताप गायला लावणे ही कल्पना विलक्षण आहे. संतापाखालचे दुःख त्यामुळे ऐकू येते. तथापि मधल्या कडव्यांत न्याय, लोभ, उदासीनता असे भाववाचक शब्द दाटीने येतात आणि गीत काही काळ ठरावाच्या मसुद्यासारखे चालते. शेवटच्या कडव्यात कोणाच्या तरी स्वयंपाकघरात रमलेला, कोणाच्या तरी होडीत झोपी गेलेला, हत्यारांवाचूनचा कारागीर ख्रिस्त समोर येतो, आणि लोकगीताच्या चालीला साजेशी भाषा तेथेच सापडते. पुरोगामी आशयाची स्तोत्रे लिहिणाऱ्यांनी या दोन भागांतील अंतर बारकाईने अभ्यासावे. विचार दोन्हीकडे एकच आहे, पण गळ्यात बसतो तो दुसरा भाग.

ज्या चर्चमंडळ्यांकडे कसलेला ऑर्गनवादक नाही, त्यांना या संग्रहाचा सर्वाधिक उपयोग होईल, कारण यातील लोकधुनी साथीवाचूनही उभ्या राहतात. घाई मात्र करू नये. 'द समन्स' वापरायचे झाल्यास पहिली चार कडवी एका आवाजाला किंवा लहान गटाला द्यावीत आणि सर्व मंडळीने पाचव्याच कडव्यात सामील व्हावे. सगळ्यांनी सगळे गायले, तर प्रश्न कोणाचा आणि उत्तर कोणाचे हे कळेनासे होते.