६ मिमी की २८ मिमी? असईची लढाई घरच्या टेबलवर मांडायची असेल तर

साताऱ्याचा माझा एक मित्र गेले दोन महिने एकच प्रश्न विचारतोय, की बाबा सुरुवात २८ मिमीनं करू का ६ मिमीनं, आणि मी दरवेळी फोनवर अर्धा तास बोलतो आणि शेवटी तो म्हणतो, बरं मग घेऊ काय. म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढतो. ज्यांना हा प्रकारच नवीन आहे त्यांच्यासाठी: एकोणिसाव्या शतकातली एखादी खरी लढाई घ्यायची, तिच्यातल्या पलटणींच्या छोट्या फिगर आणून रंगवायच्या, टेबलवर नदी, टेकड्या, गावं मांडायची आणि टेप, फासे आणि नियम घेऊन ती लढाई परत लढायची. दिवाळीचा किल्ला वर्षभर चालू ठेवला आणि मावळ्यांना बुद्धिबळासारखी चाल दिली तर जे होईल ते. मिमी म्हणजे फिगरची उंची, साधारण तळपायापासून डोळ्यापर्यंत.

पहिल्यांदा एक गोष्ट, जी इंग्लंडमधले लोक कधी सांगत नाहीत कारण त्यांना ती अडचणच नाही. तिकडं क्लब असतात, तुम्ही फ्रेंच रंगवायचे, समोरचा इंग्लिश रंगवून डब्यात घालून आणतो, टेबल क्लबचं. आपल्याकडं समोरचाच नसतो! मी सांगली मिरज धरून आठ वर्षांत तीन माणसं गोळा केली, त्यातला एक नोकरीला पुण्याला गेला, एकाचं लग्न झालं आणि एक अजून येतो पण रंगवत नाही, म्हणतो मी खेळायला येतो तेवढं पुरे. म्हणजे दोन्ही फौजा तुम्हीच रंगवायच्या, टेबल तुमचं, नदी तुमची, चहापण तुमचाच. व्हिडिओ बघून आपण जो अंदाज बांधतो ना, एवढ्या फिगर एवढे महिने, तो सरळ दुप्पट करा आणि मग साइज ठरवा. माझं सगळं म्हणणं इथूनच निघतं.

उदाहरण असईचंच घेऊ, २३ सप्टेंबर १८०३. जालन्याच्या पलीकडं केळना आणि जुई नदीच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज, समोर आर्थर वेलस्ली, जो पुढं वेलिंग्टन झाला. त्याच्याकडं पायदळाच्या सात बटालियन, त्यात दोन स्कॉटिश हायलँडर पलटणी, ७४ वी आणि ७८ वी, बाकी मद्रासचे शिपाई, आणि घोडदळाच्या चार रेजिमेंट. आपल्याकडं शिंद्यांच्या पदरचा जर्मन सेनानी पोलमन, त्याच्या हाताखाली तीन कवायती ब्रिगेड, दहा हजारांच्या वर पायदळ, शंभरच्या आसपास तोफा, शिवाय हजारोंनी घोडेस्वार. टेबलसाठी मी मराठ्यांच्या १५ बटालियन धरतो, म्हणजे दोन्हीकडच्या मिळून २२.

२८ मिमीत एका बटालियनला २४ फिगर, बारा-बाराच्या दोन रांगा. २२ बटालियन म्हणजे ५२८ माणसं झाली, घोडे आणि तोफा अजून धरलेच नाहीत. मला एक फिगर नीट रंगवायला सव्वा तास लागतो, म्हणजे ६६० तास, आणि आठवड्याला पाच तास मिळतात असं धरलं (तेही पोरं झोपल्यावर) तर अडीच वर्षं. सहा मिमीत तेवढेच २४ जण ६ सेंटिमीटरच्या एका पट्टीवर बसतात आणि पूर्ण पट्टी पाऊण तासात होते, कारण तिथं डोळे, बटणं, नाकाचा शेंडा काही रंगवायचं नसतं, लाल कोट, पांढरे पट्टे, काळी टोपी, बंदुकीवर एक चमक, झालं. २२ पट्ट्या म्हणजे साडेसोळा तास. गणपतीच्या सुट्टीत बसलात तर दिवाळीच्या आत लढाई.

पण तासांपेक्षा मोठा मुद्दा जागेचा आहे आणि तो मला स्वतःला दोन वर्षं उशिरा कळला. दोन रांगांत उभी असलेली सातशेची बटालियन खऱ्या जमिनीवर साधारण दोनशे मीटर रुंद पसरते. २८ मिमीत ती २४ सेंटिमीटर खाते, म्हणजे एक मैल जमीन मांडायला सव्वासहा फूट टेबल. दोन नद्यांमधली प्रत्यक्ष मारामारीची जागा कशीबशी मावेल, मान्य. पण असईची खरी मजा मारामारीच्या आधी आहे. वाटाडे सांगत होते की इकडं नदीला उतार नाही, आणि वेलस्लीनं बघितलं की नदीच्या दोन काठांना पिंपळगाव आणि वरूड अशी दोन गावं समोरासमोर आहेत, मग त्यानं ठरवलं की दोन गावं अशी वसलीत म्हणजे मधून लोक येत जात असणार आणि उतार असणारच. आणि होता! तिथून तो बगलेवर आला, तर पोलमननं अख्खी ओळ काटकोनात फिरवून समोर उभी केली, ज्याची वेलस्लीला अपेक्षाच नव्हती, म्हणजे आपल्या पलटणींची कवायत काय दर्जाची होती बघा. हे सगळं मांडायला तीन मैल तरी लागतात. २८ मिमीत तीन मैल म्हणजे एकोणीस फूट, मंगल कार्यालय घ्यावं लागेल. सहा मिमीत पाच फुटांच्या आत बसतं. २८ मिमीत उतार, वळसा, फिरलेली ओळ सगळं टेबलच्या बाहेर घडतं आणि तुम्ही थेट शेवटच्या प्रवेशापासून नाटक चालू करता.

मग २८ मिमी कुणी घ्यावं? ज्याला रंगवण्यातच सुख आहे त्यानं, आणि हे मी कमी लेखत नाही. २८ मिमीचा एक जरीपटकेवाला स्वार हातात घेतला की त्याचा चेहरा असतो, पागोट्याचा पीळ असतो, घोड्याच्या मानेवर घाम दाखवता येतो, पाहुणे कपाटाजवळ थांबतात. सहा मिमीला पाहुणे विचारतात ह्या मुंग्या कसल्या. शिवाय छोट्या चकमकी, एखादं गाव, एखादी गढी, एकेका माणसाला चाल असलेला खेळ, प्रत्येक बाजूला तीसेक फिगर, त्याला २८ मिमीच पाहिजे. साठ फिगर म्हणजे पंचाहत्तर तास, एका पावसाळ्याचं काम. पलटण नको, टोळी करा, मग २८ मिमी अजिबात जड जात नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो कारण भाव बदलत राहतात. प्लॅस्टिकची २८ मिमी फिगर परदेशातून शिपिंग आणि कस्टम धरून मला दीडशेच्या आसपास पडली, धातूची त्याच्या दुप्पट, सहा मिमीची पंधरा-वीस रुपये. म्हणजे वरची असई एकीकडं ऐंशी हजारांच्या घरात आणि दुसरीकडं दहा हजारांच्या आसपास, तेही फक्त पायदळ. सध्या रेझिनचे थ्रीडी प्रिंटर आल्यामुळं हे गणित सुधारलंय, फाइल विकत घ्यायची आणि छापायची, पण रेझिनचा वास घरात कोंडतो, हातमोजे पाहिजेत, आणि छापलेल्या संगिनी नुसत्या बघितल्या तरी मोडतात. सहा मिमीत संगीन मोडली तरी कुणाला दिसत नाही हा अजून एक फायदा.

मधला एक पर्याय राहतोच, १/७२ चं मऊ प्लॅस्टिक, साधारण २०-२३ मिमी. एका बॉक्समध्ये चाळीस-पन्नास जण, स्वस्त, आणि लहानपणीच्या खेळण्यातल्या सैनिकांची आठवण येते ती वेगळी. तक्रार एकच पण मोठी: ते प्लॅस्टिक वाकतं आणि रंग पापुद्र्यासारखा निघतो. आधी भांड्याच्या साबणानं धुवायचं, मग पातळ फेविकॉलचा हात द्यायचा, मग रंग. वाकलेली बंदूक गरम पाण्यात धरून सरळ करायची आणि लगेच गार पाण्यात बुडवायची. नेपोलियनसाठी हा पर्याय झकास आहे कारण सगळे बॉक्स मिळतात. मराठ्यांसाठी मात्र निम्म्या मुंडक्यांवर पागोटं घालत बसावं लागतं, एम-सीलची बारीक वळी करून, माझा त्यात अख्खा एक मे महिना गेलाय.

हवेचा विषय आपल्याकडं वेगळाच आहे. मे महिन्यात सांगलीत रंग ब्रशवरच वाळतो, त्यासाठी एका सपाट डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. जुलैत उलटं, स्प्रे प्रायमर (रंगाच्या आधीचा थर) मारला की दमटपणामुळं पांढरी खरखरीत साय धरते, म्हणून पावसाळ्यात स्प्रे बंद, ब्रशनं प्रायमर. आणि २०१९ चा पूर. माझं खालच्या मजल्यावरचं कपाट चार दिवस पाण्यात होतं, एमडीएफचे बेस (फिगर चिकटवायचे तळ) फुगून पुऱ्या झाले, पुठ्ठ्याची घरं गेली, पण धातूच्या फिगर नळाखाली धरल्या आणि निम्म्या तशाच्या तशा परत आल्या. तेव्हापासून बेस प्लॅस्टिकचे आणि डबे माळ्यावर. सहा मिमीची अख्खी असई दोन मिठाईच्या खोक्यांत मावते हे तेव्हा फार जाणवलं. साताऱ्याच्या मित्राला पुराची भीती नाही, पण त्याचा फ्लॅट वन बीएचके आहे, तेही एक प्रकारे तेच.

जमीन सजवायला मात्र बाहेरून काही आणू नका राव. काथ्याचं पायपुसणं कापलं की २८ मिमीत जोंधळ्याचं उभं पीक तयार. भांडी घासायचा हिरवा स्क्रबर कुरतडला की सहा मिमीत झाडी. वखारीतला भुस्सा चाळून रंगवला की गवत. रांगोळीचा मोह आवरा, फेविकॉलच्या पाण्यात तिचा रंग उतरतो, माझी केळना एकदा जांभळी वाहिलीय.

आता लढाई कुठली. नेपोलियनचं युद्ध घेतलंत, म्हणजे वॉटर्लू १८ जून १८१५ वगैरे, तर फिगर, नियम, पोशाखांची चित्रं सगळं तयार मिळतं, प्रत्येक रेजिमेंटची कॉलर कुठल्या रंगाची हेसुद्धा, आणि तेच कधीकधी डोक्याला ताप होतं. १८७० चं फ्रान्स-प्रशिया युद्ध खेळायला वेगळंच आहे, फ्रेंचांची शास्पो रायफल प्रशियाच्या नीडल गनच्या जवळपास दुप्पट लांब मारा करते पण प्रशियाकडं क्रुपच्या मागून भरायच्या पोलादी तोफा, त्यामुळं पायदळानं पुढं जायचं की तोफांची वाट बघायची हा प्रश्न प्रत्येक डावात पडतो. ज्याला डोकं खाजवायला आवडतं त्यानं हे घ्यावं, आणि सहा मिमीतच घ्यावं कारण कोअरच्या कोअर, म्हणजे हजारोंच्या तुकड्या, मांडाव्या लागतात.

मी तरी आपल्या मातीतलं घ्या म्हणेन, पण त्यातही अडचणी आहेत त्या ऐका. असईत शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पोशाख कंपनीच्या शिपायांसारखाच लाल, त्यामुळं टेबलवर दोन्हीकडं लाल आणि चहाच्या ब्रेकनंतर कुठली पट्टी कुणाची यावर भांडण. मी बेसच्या मागच्या कडेला भगवा रंग देऊन टाकला. आणि मराठा फिगर सहा मिमीत हव्या तशा मिळत नाहीत, मी दुसऱ्याच कुठल्या पूर्वेकडच्या फौजेचे पगडीवाले स्वार घेऊन भागवलं. २८ मिमीत ही लबाडी लगेच पकडली गेली असती, सहा मिमीत पगडी म्हणजे रंगाचा एक ठिपका.

साताऱ्याच्या माणसाला १८१७-१८ चं इंग्रज-मराठा युद्ध जास्त जवळचं वाटणार हे उघड आहे, कारण आष्टीला २० फेब्रुवारी १८१८ ला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले, पुढं तेच साताऱ्याच्या गादीवर. पण खेळ म्हणून आष्टी फार लवकर संपते. त्यापेक्षा ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकी घ्या. इंग्रजांच्या कर्नल बर याच्याकडं अठ्ठावीसशेच्या आसपास माणसं, समोर गोखल्यांचं हजारोंचं घोडदळ, दापोडीहून बरच्या मदतीला येणारी कॅप्टन फोर्डची पलटण वेळेवर पोचते का नाही, पेशव्यांचे मोरोपंत दीक्षित तिला वाटेत अडवतात का, आणि मध्ये ती दलदल, जिच्यात मराठ्यांचा हल्ला रुतला. इंग्रजांकडं मोजून चार-सहा पट्ट्या, त्यामुळं एक बाजू एका रविवारात रंगवून होते. नवशिक्याला याच्याइतकी सोयीची लढाई मला तरी दिसत नाही.

म्हणजे माझ्या मते, दोन तासांच्या वर एका जागी बसून एकच चेहरा रंगवायला तुम्हाला आवडत असेल तर २८ मिमी, पण टोळीयुद्ध, पलटणी नाही. अख्खी लढाई पाहिजे, खोली लहान आहे आणि समोरचा भिडू अजून जन्माला यायचाय, तर ६ मिमी आणि दुसरा विचार करू नका. १/७२ फक्त नेपोलियनवाल्यांनी. आणि यातलं काहीही मागवायच्या आधी पुठ्ठ्याचे तुकडे कापून एक डाव खेळून बघा. प्रशियात १८२४ साली राइसविट्झनं सैन्यासाठी जो युद्धखेळ काढला तो नकाशावर ठोकळे सरकवूनच खेळायचे, त्यांचं कुठं काही अडलं नाही.

मित्राबरोबर गेल्या रविवारी हेच केलं, खडकीच मांडली. लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे तुकडे, सतरंजीवर निळ्या दोऱ्याची मुळा नदी आणि दलदल म्हणून एक ओलं फडकं. त्यानं मराठे घेतले, दलदल माहीत असूनही घोडदळ सरळ तिच्यातच घातलं, हरला, आणि लगेच म्हणाला परत मांड. रात्री साताऱ्याला पोचल्यावर मेसेज, सहा मिमीच घेतो, पण आधी घोडे मागवू का पायदळ? पायदळ मागव. घोड्याला दुप्पट वेळ लागतो, दोन जीव रंगवायचे असतात.