फ्लॅटबेड कटरची कार्बाइड ब्लेडं: तीन ठिकाणची वापरून बघितली, त्याचा अनुभव

कुडाळ एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. एकाच फ्लॅटबेड कटरवर (सपाट टेबलावर माल पसरून वरून ब्लेड फिरवणारं मशीन) देवगडच्या हापूसवाल्यांचे पुठ्ठ्याचे खोके, आतले फोमचे खण आणि मालवणच्या बोटींची इंजिन गॅस्केटं (जोडातून तेल गळू नये म्हणून मध्ये बसवतात त्या चकत्या), सगळं कापतो. ओरिजिनल ब्लेडं महाग पडतात म्हणून बदली ब्लेडं शोधत होतो, मशीन कंपनीची, भोसरीच्या एका ग्राइंडिंगवाल्याची आणि ऑनलाइन पाकिटातली, तिन्ही सीझनभर वापरली.

आधी ऑनलाइनचं सांगतो कारण तिथेच फसलो. ऐन एप्रिलात ओरिजिनल संपली, पार्सल वाटेत अडकलेलं आणि खोक्यांची ऑर्डर डोक्यावर, म्हणून पाकीट मागवलं, वर ठळक लिहिलेलं टंगस्टन कार्बाइड. पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपासून पुठ्ठ्याच्या मधल्या लहरी कापायच्या ऐवजी फाटायला लागल्या, कडेला कापसासारखे तंतू. आम्हाला वाटलं ब्लेड खाली कमी जातंय, म्हणून खोली वाढवली आणि टेबलावर अंथरलेल्या फेल्टलाच चरे पडले, तो खर्च वेगळाच.

संध्याकाळी सोनाराच्या दुकानात गेलो आणि काट्यावर दहा ओरिजिनल नि दहा पाकिटातली अशी वजनं केली, माप तेच, जाडी तीच. पाकिटातली निम्म्यापेक्षा थोडीच जास्त भरली! कार्बाइडची घनता घनसेंटिमीटरला साधारण १४.५ ग्रॅम आणि हाय स्पीड स्टीलची (कापायच्या हत्यारांचं कडक स्टील) ८ च्या आसपास, म्हणजे त्याच मापाचं खरं ब्लेड स्टीलच्यापेक्षा पावणेदोन पट जड असायलाच हवं. परत येऊन बारीक कानस मारली तर ती चक्क धरली, खऱ्या कार्बाइडवरून कानस नुसती घसरते. लोहचुंबकावर मात्र विसंबू नका, कोबाल्टमुळे खरं कार्बाइडही थोडं ओढलं जातं. आता नवीन लॉट आला की आधी काटा, मग मशीन.

भोसरीवाल्याचा माल मात्र खरा होता. पहिल्याच फोनवर मी कोबाल्ट किती आणि दाणा किती विचारलं, त्याने न अडखळता १० टक्के आणि एक मायक्रॉनच्या आतला सांगितलं. कार्बाइड म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे बारीक दाणे कोबाल्टने बांधलेले, कोबाल्ट वाढलं की ब्लेड पटकन तुटत नाही पण झिजतं लवकर, आणि दाणा जितका बारीक तितकी धार बारीक लावता येते. ज्याला हे दोन आकडे सांगता येत नाहीत त्याच्याकडून मी आता घेत नाही. पण त्याचाही पहिला लॉट फसला. आमच्या होल्डरला ०.६३ मिमी जाडी लागते आणि त्याची मायक्रोमीटरवर ०.६० भरली. तीन शतांश म्हणजे काय एवढं, असं वाटतं, पण ब्लेड होल्डरात हलतं, गॅस्केटची बोल्टची भोकं गोल न येता एका बाजूला ओढलेली येतात. एक ओळखीचे बोटवाले ते गॅस्केट हातात घेऊनच आले, "मेस्तरी, ह्या बघ, हयसून तेल पाझरता." फार वाईट वाटलं, समुद्रात इंजिन बंद पडलं असतं तर! भोसरीवाल्याला फोटो पाठवले, त्याने वाद न घालता लॉट बदलून दिला. तेव्हापासून गॅस्केट शीटला त्याचीच लावतो, ती शीट धार फार खाते, तिथे ओरिजिनल घालवणं परवडत नाही.

जाड फोमला मात्र कंपनीचीच. ४० मिमीच्या फोमला ऑसिलेटिंग टूलमध्ये (ब्लेड भरभर वरखाली हलवत कापणारं) लांब ब्लेड लागतं आणि कार्बाइड वाकत नाही, सरळ तुटतं. फोम जरा सरकला की टक्क, आणि तुकडा उडतो, गॉगल घातल्याशिवाय जवळ उभं राहू नका. आणि फोम पीयूचा (पॉलियुरेथेनचा) असेल तर त्यातून हवा आरपार जाते, माल टेबलाला चिकटवून ठेवणारा व्हॅक्यूम धरत नाही, वर पातळ प्लास्टिक अंथरा. टोकाचा कोनही बघून घ्या. तिरप्या धारेचं ब्लेड जाड मालात वरच्या बाजूला कोपऱ्याच्या पुढे काप मारतं, जाडी वाढेल तसा तो लांबतो, खणांचे कोपरे त्यानेच फाटतात.

पावसाळ्याचं एक राहिलं. आपल्याकडे जूनपासून पुठ्ठा सादळतो, मऊ पडतो आणि किंचित बोथट ब्लेडसुद्धा लगेच फाडायला लागतं, मे महिन्यात चाललेलं ब्लेड तेव्हा चालत नाही. आणि खाऱ्या वाऱ्यात स्टीलच्या ब्लेडला बघता बघता गंजाचे ठिपके येतात, कार्बाइडला तसे येत नाहीत, पण होल्डर स्टीलचाच असतो, त्याला रोज रात्री तेलाचं फडकं मारा. ब्लेड बदललं की मशीनवर लांबी नव्याने सेट करा, आधीच्या सेटिंगवर चालवू नका, एका कंपनीच्या दोन ब्लेडांतही फरक निघतो.

येत्या सीझनसाठी भोसरीला शंभरची ऑर्डर दिलीय, जाडी ०.६३ लेखी घेऊन.