कंट्रोल रूम ऑपरेटरचं दोन दिवसांचं ट्रेनिंग, दादर: पहिल्या दिवसाला पाच स्टार, दुसऱ्याला दोन

आधीच सांगते, इन्स्टिट्यूटचं नाव लिहीत नाहीये कारण थोडी तक्रार पण आहे. दादर वेस्टला स्टेशनपासून पाच मिनिटं, तिसरा मजला, लिफ्ट बंद. फी ४,५०० रुपये, त्यातली अर्धी आमच्या कंपनीने भरली. मी सहा वर्षं एका खासगी ॲम्ब्युलन्स सर्व्हिसच्या कंट्रोल डेस्कला आहे, आणि खरं सांगू का, आजवर ट्रेनिंग म्हणजे सिनियरच्या बाजूला हेडफोन लावून चार दिवस बसायचं एवढंच होतं.

पहिला दिवस निव्वळ पत्त्यावर घालवला. सकाळी वाटलं हे काय, पत्ता विचारायला कोण शिकवतं, पण दुपारपर्यंत माझी बोलती बंद. आम्ही सगळेच आधी "काय झालंय?" विचारतो, सरांनी तीच सवय पहिली मोडली. आधी पत्ता, मग नंबर, मग काय झालं. का, तर फोन मध्येच कट झाला तरी गाडी निघालेली असते. आणि मुंबईत पत्ता म्हणजे काय असतं, "गणपतीच्या देवळासमोर या ना". कुठला गणपती बाबा! माझ्याकडून एकदा हेच झालंय, पावसाळ्यात रात्रीचा कॉल, माणूस म्हणाला शिवाजीनगर आणि मी गाडी गोवंडीला वळवली, तो बिचारा होता वेस्टर्न लाइनला. या नावाच्या वस्त्या मुंबईत किती आहेत हे मला माहिती होतं, तरी घाईत विचारलं नाही. ते अजून डोक्यात आहे.

तर यावर सरांनी दिलेल्या युक्त्या भारी होत्या. पत्ता सांगता येत नसेल तर समोरच्या दुकानाच्या बोर्डवर खाली काय लिहिलंय ते वाचायला सांगा. घरातून बोलत असतील तर लाइट बिल काढायला लावा. रुळांजवळ असतील तर बाजूच्या खांबावरचा नंबर वाचायला सांगा. ईस्ट की वेस्ट हे न विचारता गाडी सोडायचीच नाही. मग आम्हाला नागपूरचे पत्ते दिले, महाल, धरमपेठ वगैरे, आणि म्हणाले शोधा. सगळे गोंधळलो. तेव्हा सर म्हणाले, ११२ या इमर्जन्सी नंबरचा कॉल नवी मुंबईत महापेच्या सेंटरला लागतो तसा नागपूरच्या सेंटरलाही लागू शकतो, तिथल्या पोरीला तुमची कुर्ल्याची गल्ली अशीच दिसते. चूपचाप बसलो.

दुपारनंतर फोनवरून सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती कशी दाबायची ते समोरच्याला सांगणं. इथे पैसे वसूल झाले. दोनच प्रश्न, शुद्धीवर आहेत का आणि श्वास नेहमीसारखा चालू आहे का. लोक सांगतात "हो, घोरतायत ना", आणि ते घोरणं नसतंच, हृदय थांबल्यावर माणूस तसे आचके देतो. मग फोन स्पीकरवर, पेशंट कडक जमिनीवर, छातीच्या मधोमध दाब, मिनिटाला १०० ते १२०, आणि मोजायचं आपण, मोठ्याने. दोन मिनिटं मोजून बघा, घसा कोरडा पडतो. आमच्यातला एक एकोणतीसपर्यंत मोजत गेला आणि शब्दच लांब पडल्याने ताल गेला, म्हणून एक-दोन-तीन-चार, परत एक-दोन-तीन-चार. ओरडणाऱ्या माणसाला तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा पुन्हा सांगायचं हेही करून घेतलं, मला ते घरी पण उपयोगी पडतंय.

दुसरा दिवस मात्र फुसका. अर्धा दिवस पीपीटी. अमेरिकेत १९६८ मध्ये अलाबामातल्या हेलीव्हिल गावी पहिला ९११ इमर्जन्सी कॉल झाला, लंडनचं ९९९ त्याच्याही आधी १९३७ चं, हे ऐकायला बरं, पण त्यासाठी मी सुट्टी टाकली नव्हती. एक गोष्ट मात्र लागली. अमेरिकेतल्या कामांच्या सरकारी यादीत आपल्यासारखं काम करणारे अजून ऑफिसच्या कारकुनी कामाच्या गटात मोडतात, तो गट बदला म्हणून त्यांचं भांडण चालू आहे. माझ्या पगाराच्या स्लिपवर "कस्टमर सपोर्ट" लिहिलंय. बाजूच्या ताईंच्या स्लिपवर तर "बॅक ऑफिस"!

खरी तक्रार शेवटच्या सेशनची. कॉल संपल्यावर आपलं काय होतं, हा विषय, आणि त्याला दिली वीस मिनिटं, तीही साडेपाचला, जेव्हा अर्धे लोक ट्रेनचं टाइमटेबल बघत होते. आम्हाला कधीच कळत नाही पुढे काय झालं. गाडी पोचली, लाइन बंद, लगेच पुढचा कॉल. मॅडम चांगल्या होत्या, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला, अवघड कॉलनंतर दहा मिनिटं तरी डेस्क सोडायला मिळायला हवं म्हणाल्या. आमच्या फ्लोअरला रात्री दोघंच असतो, सोडणार कोण? हा प्रश्न एका मुलाने विचारलाच, तर उत्तर यायच्या आत शिपाई हॉल बंद करायला आला. पीपीटी कापा आणि हे सेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, एवढं फीडबॅक फॉर्ममध्ये लिहून आलेय.

चहा चांगला, जेवण ठीकठाक. जायचं असेल तर पहिला दिवस चुकवू नका, स्वतःचा हेडसेट न्या, तिथले तुटके आहेत. सर्टिफिकेट तीन आठवड्यांनी आलं, त्यावर माझं आडनाव चुकलंय. दोन दिवस आम्हाला "नाव आणि पत्ता परत म्हणून कन्फर्म करा" घोकून घेणाऱ्यांकडून! मेल टाकलाय, उत्तर नाही अजून.