३,२०० रुपयांची निवटी

एकूण ५,६५० रुपये गेले. मासा ३,२००, 'एअर कार्गो' ९५० आणि मासा सुखरूप पोचल्यावर परत मिळणारी 'अनामत' १,५००. अनामत मागितली तेव्हाच कळायला हवं होतं, हे मला आता कोणी सांगू नका. घरच्यांचं सांगून झालंय.

माझ्या रीफ टँकमध्ये, म्हणजे घरातल्या खाऱ्या पाण्याच्या प्रवाळांच्या मत्स्यालयात, दगडांवर शेवाळ माजलं होतं. त्यावर रामबाण म्हणजे लॉनमोवर ब्लेनी. तांबड्या समुद्रापासून सामोआपर्यंत उथळ प्रवाळ खडकांवर राहणारा, जेमतेम १४ सेंटिमीटर वाढणारा मासा. कंगव्यासारख्या दातांनी दिवसभर दगड खरवडत असतो. "लक्षद्वीपचा माल आहे दादा," विक्रेता म्हणाला. तिथे प्रवाळ आहेच, म्हणून पटलं.

त्याने पाठवलेला व्हिडिओ मी दहा वेळा तरी पाहिला असेल. अहो, मासा पाण्यात नव्हताच! दगडावर, पाण्याच्या वर, गाल फुगवून बसलेला. विचारलं तर म्हणे, "ॲक्टिव्ह पीस आहे." मीही मान डोलावली, कारण ब्लेनीच्या काही भाईबंद जाती खरंच ओल्या खडकांवर उड्या मारतात. अर्धवट वाचनाचा हा फायदा! नुसते पाठीवरचे पर बघितले असते तरी भागलं असतं. या ब्लेनीला डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच सलग पर असतो, याला दोन सुटे होते. डोळ्यांवरचे पापण्यांसारखे झुपकेही नव्हते.

पिशवी उघडली आणि आई म्हणाली, "अरे, निवटी! एकच आणलीस?"

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा. खाडीकाठी जन्म गेला माझा. निवट्यांचं कालवण खाऊन वाढलोय.

अनामत मागितली तर नंबर ब्लॉक. चौकीत दोन तास बाकावर बसलो. "मासा आला का?" आला. "जिवंत?" हो. "मग फसवणूक कसली?" दुसरा म्हणाला, तळून खा. अर्जात 'पाळीव प्राणी' लिहायचं की 'माल', यावर दहा मिनिटं खल झाला आणि शेवटी पोचही दिली नाही. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. मग चोराने टाकायला हवा होता का?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, मी चार दिवस लाजेत घालवले. विक्रेत्याला म्हणा, मासा स्वतः काही खातोय ते दाखव, तेही त्याच दिवशीच्या व्हिडिओत. 'परत मिळणारे' पैसे आधी भरायचेच नाहीत. आणि स्क्रीनशॉट काढा, ब्लॉक झाल्यावर डीपीसुद्धा दिसत नाही.

निवटी रात्रभर टँकच्या काचेला चिकटून पाण्याबाहेर बसली होती. सकाळी खाडीच्या चिखलात सोडून आलो. रिक्षाचे ८० रुपये वेगळे.