अमिनो आम्लांची पावडर: अल्ब्युमिन वाढवण्यासाठी कितपत उपयोगी?

आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर वडिलांच्या रक्तातील अल्ब्युमिन (यकृतात तयार होणारे रक्तातील मुख्य प्रथिन) २.७ ग्रॅम प्रति डेसिलिटरपर्यंत उतरले होते (ते साधारणपणे ३.५ ते ५ असावे लागते), पायांवर सूज होती आणि जेवण चार घासांपलीकडे जात नव्हते. अशा वेळी आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने आम्ही नऊही आवश्यक अमिनो आम्ले (प्रथिनांचे असे घटक, जे शरीर स्वतः बनवू शकत नाही) असलेली पावडर आणली. उत्पादनाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या प्रकारच्या पावडरी अनेक आहेत आणि निवड करताना डब्याच्या मागचा तक्ताच वाचायला हवा.

लायसिन, मिथिओनिन, ट्रिप्टोफॅन अशा प्रत्येक आम्लाचे प्रमाण तक्त्यात स्वतंत्र छापलेले आहे, ही या पावडरीची सर्वांत मोठी जमेची बाजू. दुकानात शेजारीच नऊपैकी फक्त ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन या तिघांपुरते मर्यादित डबेही मिळतात. परंतु अल्ब्युमिनचा एक रेणू ५८५ अमिनो आम्लांच्या साखळीचा असतो आणि एखादे आवश्यक आम्ल कमी पडले, तर बाकीची कितीही असली तरी यकृतात ती साखळी पुरी होत नाही. अमेरिकी वैद्यकीय संशोधक जॉर्ज व्हिपल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात, रक्तद्रवातील प्रथिने कमी केलेल्या कुत्र्यांना शुद्ध अमिनो आम्लांचे मिश्रण देऊन हेच तपासले होते, आणि आवश्यक आम्लांचा पूर्ण संच मिळाल्यावर ती प्रथिने पुन्हा तयार होतात असे त्यांना आढळले.

चव मात्र फार कडू आहे. ल्युसिन पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे कितीही ढवळले तरी पेल्यात वर पांढरा थर तरंगत राहतो. दुधात ती वडिलांना मुळीच गेली नाही. गोड लिंबू सरबतात थोडी थोडी करून गेली. सरबतातील साखरेचा आणखी एक उपयोग आहे: पोटात पुरेशी ऊर्जा नसेल, तर शरीर ही महागडी आम्ले इंधन म्हणून जाळून टाकते. म्हणून पावडरीसोबत मऊ भात किंवा पेज जायलाच हवी, आणि ही सूचना डब्यावर कुठेही नाही, याची मला खंत वाटते.

त्याहून गंभीर आक्षेप डब्यावरच्या ‘रक्तवाढीसाठी’ या दाव्यावर आहे. हिमोग्लोबिनमधील ग्लोबिन या प्रथिनाला अमिनो आम्ले लागतात हे खरे. पण लोह, ब-१२ आणि फॉलिक आम्लाशिवाय रक्त वाढत नाही, आणि यांपैकी काहीही या डब्यात नाही.

पुढच्या तपासणीत अल्ब्युमिन ३.३ आले. त्याचे सारे श्रेय मी पावडरीला देणार नाही, कारण त्याच काळात जखमेतील संसर्ग आटोक्यात आला होता आणि शरीरात दाह असेपर्यंत यकृत अल्ब्युमिनची निर्मिती कमीच ठेवते. शिवाय अल्ब्युमिनचे अर्धायुष्य (असलेल्यातील निम्मे नाहीसे होण्याचा काळ) सुमारे २० दिवसांचे असल्याने दर आठवड्याला रक्त तपासून निराश होण्यात अर्थ नाही.

ज्यांना वरण-भात, दूध, अंडी व्यवस्थित जातात, त्यांनी यावर पैसे घालवू नयेत. एका अंड्यातूनच सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रथिन मिळते. खाणे अगदीच तुटलेल्या रुग्णासाठी मात्र मी ही पावडर पुन्हा घेईन. मूत्रपिंड किंवा यकृताचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सुरू करू नये.